नाव पटावरून निघण्याआधी

(कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आज २२ सप्टेंबर, कर्मवीरांचा जन्मदिवस. गावोगावच्या शाळा-कॉलेजांमधून आज सकाळी त्यांच्या प्रतिमेच्या मिरवणुका निघाल्या असतील, आणि त्या निघायलाच हव्यात. मला मात्र ही तारीख आणखी एका कारणानं महत्त्वाची वाटते. ती पहिल्या सत्राच्या मधोमध येते. जुलैत प्रथम वर्षाच्या वर्गात बसायला बाक पुरत नव्हते. आज त्याच वर्गातले मागचे बाक मोकळे आहेत. ती मुलं कुठं गेली?

कागदावर ती कुठंच गेलेली नाहीत. त्यांची नावं पटावर आहेत, प्रवेश पक्का आहे, ओळखपत्र खिशात आहे. कुणी टीसी मागितलेला नाही, कुणी अर्ज दिलेला नाही. ऑफिसच्या दृष्टीनं ती रेग्युलर आहेत. ती गेली हे ऑफिसला कळेल परीक्षेचे अर्ज भरायची मुदत संपेल तेव्हा. घरच्यांना कदाचित त्याहून उशिरा कळेल, कारण मुलगा सकाळी दप्तर घेऊन बाहेर पडतोच आहे. कॉलेजात न येता गॅरेजवर जातो आहे, एवढंच. मग हे आज, या घटकेला, कुणाला माहीत आहे? फक्त हजेरी घेणाऱ्या शिक्षकाला. प्राचार्यांच्या आधी, क्लार्कच्या आधी, आईबापांच्याही आधी त्याला माहीत आहे. मित्रहो, मला आज जे सांगायचं आहे ते या एका गोष्टीभोवती आहे. मूल कॉलेज सोडतं ते एका दिवसात सोडत नाही, आणि सुटत चाललेलं मूल सगळ्यांत आधी शिक्षकाला दिसतं. दिसल्यावर त्यानं काय करायचं?

ज्यांच्या नावानं आपण जमलो आहोत त्यांच्यापासून सुरुवात करतो. भाऊरावांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग सुरू केलं. शाळेइतकंच वसतिगृह महत्त्वाचं, हे त्यांना कशामुळे उमगलं असेल? ते स्वतः मॅट्रिक झालेले नव्हते. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परत आल्यावर विटाळाची आंघोळ करायला नकार दिला, आणि राहत्या बोर्डिंगमधून त्यांना बाहेर काढण्यात आलं. छप्पर गेलं की शिक्षण कसं जातं हे त्यांनी स्वतः भोगलेलं होतं. म्हणून साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एकत्र जेवली. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र विकलं. ही गोष्ट आपण त्यागाची कथा म्हणून सांगतो. मी तिच्याकडे शिक्षणाची गोष्ट म्हणूनही पाहतो. एवढ्याशा कारणानं, पिठाच्या डब्यात पीठ नाही म्हणून, चांगली मुलं घरी परततात, हे त्या माउलीला कळलं होतं. आणि मुलं परतायच्या आधी तिनं हालचाल केली.

दुसरं उदाहरण मुंबईतलं. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा पुस्तक वाचत बसायचा. कृष्णराव अर्जुन केळूसकर नावाचे शिक्षक त्याच बागेत यायचे. हा मुलगा त्यांच्या वर्गातला नव्हता, त्यांच्या शाळेतलाही नव्हता. त्यांनी चौकशी केली, ओळख ठेवली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढं एल्फिन्स्टन कॉलेजात इंटर झाल्यावर त्याच्या वडिलांची ऐपत संपली आणि शिक्षण थांबायची वेळ आली. तेव्हा हेच केळूसकर गुरुजी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत त्याची गोष्ट घेऊन गेले, आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तो विद्यार्थी १९१२ मध्ये बी. ए. झाला. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. बाबासाहेबांची बुद्धी कुणी दिलेली नव्हती, ती त्यांचीच होती. पण इंटर आणि बी. ए. यांच्या मधल्या त्या खिंडीत एक शिक्षक उभा होता. गुरुजींनी केलं ते इतकंच: पाहिलं, विचारलं, लक्षात ठेवलं, आणि वेळ आली तेव्हा उठून एका दारापर्यंत चालत गेले.

पुढं बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्याला शिकता येईल. विद्यार्थ्याच्या आयुष्याकडे पाहून वेळापत्रक आखलं. आपली किती कॉलेजं आज एसटीच्या वेळा पाहून वेळापत्रक लावतात? वाडीवरून येणारी पहिली गाडी साडेनऊला स्टँडवर लागते आणि प्रथम वर्षाचा पहिला तास साडेसातला असतो. मग वर्षभर त्या मुलांची त्या विषयाला गैरहजेरी लागते, आणि शेवटी ७५ टक्क्यांचा नियम त्यांनाच दाखवला जातो.

आता थोडा आकड्यांचा विचार. देशातल्या उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या सरकारी पाहणीनुसार ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते आणि पटनोंदणीचं प्रमाण २८.४ टक्के होतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं हे प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यायचं ठरवलं आहे. मोठं उद्दिष्ट आहे, मला ते मान्य आहे. पण हा आकडा आत आलेल्यांचा आहे. पदवी हातात घेऊन बाहेर पडलेल्यांचा हिशेब आपण तितक्या आस्थेनं मागतो का? आपल्या कॉलेजात तीन वर्षांपूर्वी प्रथम वर्षाला आलेल्यांपैकी आज तृतीय वर्षाला किती आहेत, हे इथं बसलेल्या किती विभागप्रमुखांना न पाहता सांगता येईल? उत्तर मला नको आहे. उद्या जाऊन पट काढा आणि पाहा.

अमेरिकेत व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७० च्या दशकापासून याच प्रश्नाचा अभ्यास केला. विद्यार्थी का सोडून जातात? त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्याचं अभ्यासाशी आणि कॉलेजातल्या माणसांशी नातं जुळतं तो टिकतो. आणि जे विद्यार्थी कॉलेजात राहत नाहीत, रोज येऊन-जाऊन शिकतात, त्यांना हे नातं जोडायला जागा एकच उरते, ती म्हणजे वर्ग. आपली तालुक्याची कॉलेजं डोळ्यांसमोर आणा. मुलं गाडीनं येतात, तास करतात, दीडच्या गाडीनं परत जातात. ग्रंथालयात रेंगाळायला वेळ नाही, कॅन्टीनमध्ये बसायला पैसे नाहीत. त्या मुलासाठी कॉलेज म्हणजे ती चार तासांची खोली आणि तुम्ही.

हे नातं सुरुवातीलाच जुळावं लागतं, म्हणून पहिले सहा आठवडे. मी हे पुनःपुन्हा सांगत आलो आहे आणि आजही सांगतो: पहिले सहा आठवडे. या काळात नावं पाठ करा. एकशेवीसचा वर्ग असेल तर सगळी होणार नाहीत, निम्मी होतील. तिसऱ्या आठवड्यात दहा गुणांची छोटी चाचणी घ्या आणि आठवड्याच्या आत तपासून परत द्या. का? कारण आपल्या पद्धतीत मुलाला आपण कुठं आहोत हे पहिल्यांदा कळतं ते सत्राच्या निकालात, आणि तोवर सगळं होऊन गेलेलं असतं. दहापैकी दोन मिळालेल्या मुलाला ऑगस्टमध्ये हाताशी धरता येतं. डिसेंबरमध्ये तो समोर नसतो. आणि त्या पेपरवर नुसता आकडा लिहू नका. एक वाक्य लिहा, पुढं काय वाचायचं ते. ज्याच्या घरात त्याच्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्याला शिक्षकाच्या हातचं ते वाक्य किती दिवस पुरतं, याची आपल्याला कल्पना नसते.

भाषेचा प्रश्न इथंच येतो, आणि माझ्या मते शास्त्र शाखेत तो फी आणि प्रवासाइतकाच मोठा आहे. शाळेत दहावीपर्यंत मराठी माध्यमातून विज्ञान शिकलेली मुलगी. तिला प्रकाशसंश्लेषण कळतं, गुणसूत्र कळतं, त्वरण कळतं. पुढं तीच संकल्पना इंग्रजी नाव घेऊन येते आणि तिला वाटतं की हे काही नवीन आहे, आपल्याला न येणारं आहे. अकरावी-बारावी ती पाठांतरावर काढते. प्रथम वर्षात पाठांतर पुरत नाही. विषय तिला येत असतो, पण आपण ढ आहोत अशी तिची खात्री होऊन बसते. यावर उपाय फार खर्चाचा नाही. पहिले काही आठवडे फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहावेत. प्रश्न मराठीत विचारायला मोकळीक असावी आणि त्याचं उत्तरही आधी मराठीत मिळावं. उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची असेल तर इंग्रजीत उत्तर कसं बांधतात हे त्या त्या विषयाच्या शिक्षकानं वर्गात करून दाखवावं. ते काम इंग्रजी विभागाचं आहे म्हणून सोडून देऊ नये. प्रॅक्टिकलच्या वेळी चार-चारच्या गटात मुलं उभी असतात. तिथं जी मुलगी कायम जर्नल लिहीत बसते आणि उपकरणाला कधीच हात लावत नाही, तिच्याकडे लक्ष ठेवा. ती हळूहळू बाहेर पडते आहे.

निकालाच्या दिवसाबद्दल बोलायला हवं. सत्र परीक्षेत दोन विषय राहिले. आपल्याला माहीत आहे की नियमात बसत असेल तर एटीकेटीवर पुढच्या सत्रात बसता येतं, राहिलेले विषय पुन्हा देता येतात. आपल्याला हे इतकं माहीत आहे की सांगायची गरजच वाटत नाही. पण पहिल्या पिढीतल्या मुलाच्या घरी नापास म्हणजे नापास. शाळेत नापास झालेल्याचं काय होतं हे त्या घरानं पाहिलेलं असतं. मुलगा मोबाइलवर निकाल पाहतो, दोन विषयांपुढचा शेरा पाहतो, आणि दुसऱ्या दिवसापासून येत नाही. त्याचं शिक्षण नियमानं थांबलेलं नाही. नियम कुणी सांगितला नाही म्हणून थांबलं. निकालाच्या दिवशी आणि त्यानंतरचे दोन दिवस प्रत्येक विभागात एक शिक्षक यासाठीच बसलेला असावा आणि तो बसणार आहे हे आधी वर्गात सांगितलेलं असावं. पुढचा अर्ज कधी भरायचा, फी किती, कोणता पेपर आधी काढायचा, हे कागदावर लिहून द्यावं. हा अर्ध्या तासाचा विषय आहे, आणि त्या अर्ध्या तासावर एखाद्याची पदवी अवलंबून असते.

आता कागद. योजना आपल्या राज्यात कमी नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावानं वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. तरी मुलं अडकतात. कुठं अडकतात? उत्पन्नाच्या दाखल्यापाशी, आधारशी न जोडलेल्या बँक खात्यापाशी, महाडीबीटी पोर्टलवर परत पाठवल्या गेलेल्या अर्जापाशी, जो परत आला आहे हे मुलाला महिनाभर कळलेलंच नसतं. शिक्षकानं सगळे शासन निर्णय पाठ करावेत अशी अपेक्षा नाही. त्यानं एक प्रश्न विचारावा: तुझा अर्ज नेमका कुठं थांबला आहे? आणि उत्तर ऐकून त्या मुलाबरोबर ऑफिसच्या खिडकीपर्यंत जावं. तोच मुलगा एकटा गेला तर उद्या ये असं ऐकून परततो. शिक्षक बरोबर असला तर काम होतं. हे न्याय्य नाही, पण सध्या असंच आहे.

साताऱ्यात बोलतो आहे म्हणून असं परतावं लागल्याची एक आठवण इतिहासातली. १८७५ मध्ये मुरूडचा एक मुलगा परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्याला आला. वय पुरेसं होतं, तयारी होती. परीक्षकांना तो लहान दिसला, आणि त्याला बसू दिलं नाही. तो परतला, पुन्हा तयारी केली, आणि पुढं महर्षी धोंडो केशव कर्वे झाला. अशा गोष्टी सांगताना आपण जिद्दीचं कौतुक करतो. पण असे दारावरून परतलेले आणि पुन्हा कधीच न आलेले किती असतील? त्यांची चरित्रं कुणी लिहिलेली नाहीत.

विद्यार्थी टिकावेत म्हणून न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठानं २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एक योजना सुरू केली. पुढं तिच्या तपासणीसाठी गणित किंवा इंग्रजी कच्चं असलेले गरीब विद्यार्थी घेतले. योजनेत इतर मदतीतून उरलेली फी माफ, पुस्तकांना मदत, प्रवासाचं कार्ड फुकट, आणि थोड्याच विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेला एक सल्लागार, ज्याला वरचेवर भेटणं बंधनकारक. कुणाला योजनेत घ्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून नंतर दोन्ही गट तपासले. तीन वर्षांत योजनेतले ४० टक्के पदवीपर्यंत पोचले, बाहेरचे २२ टक्के. त्या यादीतल्या गोष्टी पाहा. बसचा पास, पुस्तक, आणि आठवण ठेवणारा एक माणूस. साताऱ्यात १९२४ मध्ये जे सुरू झालं त्यापेक्षा हे फार वेगळं आहे का?

मुलींबद्दल थोडं सावकाश बोलतो, कारण इथं चांगल्या हेतूनंही नुकसान होतं. मूल गैरहजर दिसलं की पालकांना फोन करा, अशी सूचना आपण सर्रास देतो. मुलाच्या बाबतीत ती बहुधा ठीक आहे. पण मुलीच्या घरी फोन जाऊन 'तुमची मुलगी आठ दिवस कॉलेजात नाही' एवढंच वाक्य पोचलं, तर काही घरांत त्या संध्याकाळी तिचं शिक्षण संपतं आणि पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येतात. ती गैरहजर का होती? शेवटची गाडी बंद झाली म्हणून असेल. स्टँडवर कुणी त्रास देत असेल. आई आजारी असेल आणि चूल तिच्याकडे आली असेल. म्हणून आधी तिला गाठा, तिच्या मैत्रिणीकडून निरोप पाठवा, बाईंनी बोलावलंय म्हणून सांगा. घरी फोन करायचाच असेल तर तिला विचारून करा. आणि गाडीची तक्रार असेल तर दहा मुलींच्या सह्यांचा अर्ज घेऊन आगारप्रमुखांकडे कॉलेजनं जावं. एक फेरी सुरू झाली की दहा जणींचं शिक्षण सुरू राहतं.

बीड, अहिल्यानगर, जालना या भागातल्या सहकाऱ्यांना ऊसतोडीचं सांगायला नको. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, आणि कोयत्याला जोडी लागते. मुलगा जातो, नवं लग्न झालं असेल तर सूनही जाते. तो शिक्षण सोडून गेलेला नसतो, हंगामाला गेलेला असतो. फरक मोठा आहे. कोण जाणार आहे हे याच महिन्यात विचारा. त्याची अंतर्गत परीक्षा, प्रकल्प, जर्नल जाण्याआधी पुरं करून घेता येईल का पाहा. परीक्षेच्या तारखा त्याच्या फोनवर जातील अशी व्यवस्था करा. पेपरला तो कारखान्यावरून येऊ शकतो, येतोही, पण कुणीतरी त्याला तारीख कळवलेली असली पाहिजे.

सहकाऱ्यांनो, हे सगळं कुणी करायचं? तासिका तत्त्वावरच्या शिक्षकानं? प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत आणि वर्ग सीएचबीवर, म्हणजे याच तासिका तत्त्वावर, चालले आहेत, हे या सभागृहात सगळ्यांना माहीत आहे. त्याला पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. दोन कॉलेजांत धावत तास घेणाऱ्याला बसायला खुर्ची नाही, आणि मुलाशी बोलायला थांबला तर त्या वेळेचा मोबदला नाही. तरीही अनेक ठिकाणी मुलांना सगळ्यांत जवळचा तोच वाटतो, कारण तो वयानं जवळचा आहे, आणि पुष्कळदा त्याच मुलांसारख्या घरातून आलेला आहे. त्याच्याकडून हे काम फुकट करून घेणं मला मान्य नाही. जागा भराव्यात ही मागणी आहेच. ती पुरी होईपर्यंत संस्थांनी निदान विद्यार्थीभेटीचे तास तासिकेत धरावेत आणि त्याचे पैसे द्यावेत. आणि नॅकच्या मूल्यांकनासाठी ठेवतो त्या मेंटॉर-मेंटीच्या नोंदवहीत वीस नावं आहेत ना, त्या वीस मुलांना महिन्यातून एकदा खरोखर भेटावं. नोंद मग आपोआप खरी होईल.

नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे, मिळवलेले क्रेडिट साठवून परत यायचीही आहे. परत यायच्या सोयीचं मी स्वागत करतो. मात्र बाहेर पडायची सोय झाली म्हणून कुणी निघाला तर त्याला विचारायचंच नाही, असं होता कामा नये. एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर आपल्या तालुक्यात कोणतं काम मिळतं, हे त्याला सांगणं आपलं कर्तव्य आहे. आणि दोन-तीन वर्षांनी कुणी परत आला, लग्न होऊन आलेली मुलगी कडेवर मूल घेऊन आली, तर खिडकीवर तिला गॅप का पडला याचं प्रतिज्ञापत्र आधी मागू नका. आधी बसायला सांगा.

आणखी काही आठवड्यांत पहिल्या सत्राचे परीक्षा अर्ज भरायला सुरुवात होईल. समोर बसलेल्या प्राचार्यांना माझी विनंती आहे. मुदत संपायच्या दहा दिवस आधी, अर्ज न भरलेल्यांची यादी ऑफिसकडून काढून घ्या आणि ती नावं शिक्षकांमध्ये वाटून द्या, एकेकाकडे पाच-सहा. प्रत्येक नावापुढे काय कळलं ते एका ओळीत लिहून पुन्हा एकत्र बसा. ज्यांचा अर्ज केवळ फीसाठी राहिला आहे त्यांची फी कुठून भरायची, हे त्याच बैठकीत ठरवा. विलंब शुल्क लागायच्या आधी.